आलेस्सांद्रो नावाची माणसं: प्रश्नमंजुषेसाठी कोणकोण घ्यावेत?

खडूफळा
शाळेच्या प्रश्नमंजुषेत 'नाव एक, माणसं अनेक' अशी फेरी आहे. नाव ठरलंय आलेस्सांद्रो. आठवी ते दहावीची मुलं, दहा प्रश्न, प्रोजेक्टर आणि स्पीकर हाताशी आहेत. व्होल्टा आणि फुटबॉलवाला देल पिएरो सोडून कोण घ्यावं? टेबलावर दाखवण्याजोगा एखादा प्रयोग असेल तर तोही सुचवा.

जुनीपोथी
लघुरूप आणि टोपणनाव चालेल की नाही, हे नियमांत आधीच लिहून टाका. नाहीतर भर फेरीत भांडण होतं. चित्रकार बोत्तिचेल्लीचं पाळण्यातलं नाव आलेस्सांद्रो, 'सांद्रो' हे त्याचंच लघुरूप. १९७८ ते १९८५ या काळातले इटलीचे राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनीही तसेच. दोघंही घ्या. काउंट आलेस्सांद्रो काल्योस्त्रो मात्र वगळा. तो तोतया, खरं नाव ज्युझेप्पे बाल्सामो.

खरा घोळ इटलीतल्या फार्नेझे घराण्यात. तिथे तीन आलेस्सांद्रो आहेत. पहिला १५३४ मध्ये पोप झाला, तो तिसरा पॉल. दुसरा त्याचा नातू, कार्डिनल. रोममधलं जेझू चर्च याच्या पैशानं उभं राहिलं. तिसरा त्या कार्डिनलचा पुतण्या, पार्माचा ड्यूक, ज्यानं १५८५ मध्ये अँटवर्प जिंकलं. नुसतं 'आलेस्सांद्रो फार्नेझे कोण?' असं विचारलंत तर तिन्ही उत्तरं बरोबर धरावी लागतील.

त्यापेक्षा चित्रकार तित्सियानोनं (टिशियन) १५४६ च्या सुमारास काढलेलं चित्र पडद्यावर लावा. नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयात आहे. खुर्चीत म्हातारा पोप, मागे ताठ उभा कार्डिनल, उजवीकडे कमरेत वाकलेला तिसरा माणूस. प्रश्न असा: या चित्रात आलेस्सांद्रो किती? उत्तर दोन. वाकलेला तो ओत्ताव्हियो, म्हणजे पुढे होणाऱ्या ड्यूकचा बाप. मुलं हमखास तीन म्हणतील.

सूरपेटी
संगीतातले दोन पुरेत. स्कारलात्ती विचारताना पहिलं नाव सोडू नका. ५५५ सोनाटा डोमेनिकोच्या, आलेस्सांद्रो (१६६०–१७२५) हा त्याचा बाप, ऑपेरा आणि कांतातांचा (वाद्यांच्या साथीनं गायच्या रचना) माणूस.

स्पीकरसाठी आलेस्सांद्रो मार्चेल्लोचा डी मायनरमधला ओबो कॉन्चेर्तो (ओबो या फुंकवाद्यासाठी वाद्यवृंदासह रचना) घ्या, त्यातला मधला संथ भाग, ४० सेकंद. लगेच संगीतकार बाखनं तोच कीबोर्डवर बसवलाय तो ऐकवा (बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक बीडब्ल्यूव्ही ९७४) आणि मूळ कुणाचं ते विचारा. शोधताना जपून: हाच कॉन्चेर्तो आधी त्याचा भाऊ बेनेदेत्तो आणि व्हिवाल्दी यांच्या नावावर खपलाय, त्यामुळे जुन्या रेकॉर्डिंगवर लेबल चुकीचं असू शकतं.

आलेस्सांद्रो मोरेस्की या कास्त्रातो गायकाचं १९०२–०४ चं ध्वनिमुद्रण दुर्मीळ आहे खरं, पण कास्त्रातो म्हणजे काय (आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्चीकरण केलेला गायक) हे आठवीच्या वर्गाला सांगायची तयारी असेल तरच त्याच्या वाटेला जा.

जस्ततांबं
प्रयोग व्होल्टाच्या चळतीचाच करा, म्हणजे त्याच्या पहिल्या बॅटरीचा. हार्डवेअरच्या दुकानातून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) वॉशर आणा, साधारण २५ मिमीचे, सहा नग. स्टेनलेसचे दिसायला सारखेच पण इथे बाद, कारण आपल्याला जस्ताचा मुलामा हवाय. तांब्याच्या पत्र्याच्या तेवढ्याच सहा चकत्या, पॉलिशपेपरनं घासून लख्ख. पुठ्ठ्याचे सहा गोल, वॉशरपेक्षा किंचित लहान. कपभर पाण्यात दोन चमचे मीठ.

रचना खालून: तांबं, ओला पुठ्ठा, जस्त, पुन्हा तांबं, पुठ्ठा, जस्त. एका जोडीला साधारण ०.७ व्होल्ट मिळतात. लाल एलईडीला १.८ च्या आसपास लागतात, पण जोडणी केली की दाब उतरतो, म्हणून तीनवर न थांबता सहा जोड्या ठेवा. एलईडीचा लांब पाय खालच्या तांब्याला, आखूड वरच्या जस्ताला. निळा किंवा पांढरा एलईडी नको, त्याला जवळजवळ ३ व्होल्ट लागतात.

दिवा लागलाच नाही तर दहात नऊ वेळा दोष पाण्याचा. पुठ्ठे पिळून घेतले नाहीत की मिठाचं पाणी चळतीच्या कडेनं ओघळतं आणि जोड्या आपसात शॉर्ट होतात. चळत फार दाबली तरी हेच. लागून मंदावला तर सगळं उतरवा, तांबं पुसा, पुन्हा रचा.

सोबतचा प्रश्न: २० मार्च १८०० ला या शोधाचं पत्र व्होल्टानं कुठून, कुणाला लिहिलं? कोमोहून, रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्स यांना.

मांडवीकाठ
गोव्याशी थेट संबंध असलेला एक राहिलाच की! आलेस्सांद्रो वालिन्यानो, जन्म १५३९, गाव किएती. जेझुइटांचा (कॅथलिक धर्मप्रसारकांचा संघ) पाहणीप्रमुख म्हणून १५७४ मध्ये गोव्यात उतरला, पुढे जपानला गेला. १५८२ मध्ये जपानहून निघालेल्या चार मुलांच्या शिष्टमंडळाला यानंच रोमला धाडलं. परतताना त्या मंडळींनी जपानला छापखाना नेला. वालिन्यानो १६०६ मध्ये मकावला वारला.

खडूफळा
मस्त. खेळात देल पिएरोऐवजी दुसरं कोणी?

जुनीपोथी
देल पिएरो ठेवाच, प्रश्न बदला: २०१४ च्या पहिल्या इंडियन सुपर लीगमध्ये खेळलेले, २००६ चा विश्वचषक जिंकलेले दोन आलेस्सांद्रो कोण? देल पिएरो दिल्लीकडून, नेस्ता चेन्नईकडून. अवघड हवा असेल तर मोटारशर्यतपटू झानार्दी: २००१ च्या शर्यतीत दोन्ही पाय गेले, २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये हँडसायकलवर दोन सुवर्णं. जग त्याला अॅलेक्स म्हणतं, तेव्हा लघुरूपाचा तो नियम इथेही लागेल.