अठराव्या दिवशी गाभण मेंढीची रक्तचाचणी नकारार्थी का येते?

प्रश्न (साक्री, जि. धुळे)
आमच्या वाड्यातील सहा मेंढ्यांना मेंढा लागल्याची तारीख वहीत टिपून ठेवून अठराव्या दिवशी मी त्यांचे रक्त पीएजी (गाभणपणाशी निगडित ग्लायकोप्रथिन) चाचणीसाठी दिले. सहाही गाभण नाहीत, असा अहवाल आला. प्रत्यक्षात एकही उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, आणि चाळिसाव्या दिवशी सोनोग्राफीत पाच गाभण निघाल्या. पीएजी हे वारेचे प्रथिन आहे. मग त्याचे जनुक तोवर जागेच झाले नव्हते काय?

उत्तर (पशुवैद्यक, धुळे)
जनुक जागे झाले होते. प्रथिन रक्तात पुरेसे उतरले नव्हते. अकराव्या-बाराव्या दिवसापासून मेंढीचा गर्भ दोऱ्यासारखा लांबू लागतो आणि त्या काळात त्याच्या बाह्यस्तरात सर्वांत जोरात चालणारे जनुक इंटरफेरॉन-टाऊचे असते. हे प्रथिन गर्भाशयाच्या अस्तरात ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे ग्राहक (ते पकडणारी प्रथिने) वाढू देत नाही, त्यामुळे पीतपिंड मोडणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनचे झटके येत नाहीत, पीतपिंड (गर्भ टिकवणारे संप्रेरक देणारी बीजकोशातील गाठ) टिकतो आणि सोळा-सतरा दिवसांनी येणारा माज येत नाही. त्याचे मुख्य काम गर्भाशयातच चालते.

पीएजी हे एकच प्रथिन नसून रचनेने पेप्सिनच्या नात्यातील प्रथिनांचे मोठे कुटुंब आहे. त्यांतील बरीचशी प्रथिने ज्या द्विकेंद्रकी पेशींत तयार होतात, त्या साधारण चौदाव्या ते सोळाव्या दिवशी दिसू लागतात आणि पुढे मातेच्या अस्तरातील पेशींशी एकजीव होऊन आपला साठा मातेच्या बाजूस रिता करतात. जनुक सुरू होणे आणि रक्तात मोजण्याइतके प्रथिन जमणे, यांत म्हणूनच अंतर पडते. प्लॅसेंटल लॅक्टोजेन या वारेच्या संप्रेरकाच्या बाबतीत तर हे अंतर याहून ठळक आहे: वारेच्या पेशींत ते सोळा-सतराव्या दिवशी सापडते, पण मातेच्या रक्तात दिसायला दीड महिन्याच्या आसपास जावे लागते. रक्त अठ्ठाविसाव्या दिवसानंतर घ्यावे.

उत्तर (मेंढपाळ, चाळीसगाव)
'उलटली नाही' ही आपल्या वाडवडिलांची खूण म्हणजे त्या इंटरफेरॉनचीच साक्ष म्हणायची. मात्र सहावीचे काय झाले?

उत्तर (पशुवैद्यक, धुळे)
दोन शक्यता आहेत: ती मुक्या माजाची (बाहेरून लक्षणे न दिसणाऱ्या माजाची) असेल, किंवा गर्भ राहून पुढे नष्ट झाला असेल. दुसऱ्या प्रसंगी पीएजी रक्तातून ओसरायला वेळ लागतो, म्हणून चाचणी होकारार्थी आली तरी गर्भ जिवंत आहे, असे मानू नये. दिवाळीनंतर कळप बाहेर काढण्यापूर्वी तिची सोनोग्राफी पुन्हा करून घ्यावी.