जुनी ३×७ एमटीबी: घाटासाठी मागे ३४ दाती बसेल का?

डोणजे_चढ: नमस्कार मंडळी. २६ इंची, स्टील फ्रेमची जुनी एमटीबी (माउंटन बाइक) आहे. पुढे ४२-३४-२४ दात, मागे १४-२८, सात गिअर. सिंहगडाच्या चढाला २४-२८ (पुढे २४, मागे २८) जड जातो. शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) न बदलता मागे ३४ दाती घालता येईल का? डिरेलर (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) बदलावा लागेल?

पाना_पक्कड: शिफ्टर तेच चालतील, कारण गिअर सातचे सातच राहतात. आधी मागे फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा दातांचा गठ्ठा) आहे की कॅसेट (हबच्या खाचांवर सरकवून बसणारा गठ्ठा) ते बघा. चाक काढून दातांचा गठ्ठा उलटा फिरवा. टूल बसायच्या आतल्या खाचा गठ्ठ्याबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. तुमची सुरुवात १४ पासून आहे, म्हणजे जवळजवळ नक्की फ्रीव्हीलच.

शिमानोचं एमएफ-टीझेड५१० मागा: १४-१६-१८-२०-२२-२४-३४. २४-२८ मध्ये पॅडलच्या एका फेऱ्यात चाक ०.८६ फेरे फिरतं, २४-३४ मध्ये ०.७१. म्हणजे सुमारे १८ टक्के हलकं. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी सव्वासहाऐवजी सव्वापाच किमीवरही पाय फिरते राहतील.

डिरेलरचा हिशोब, म्हणजे त्याला किती ढिली चेन ओढून धरावी लागेल: पुढचा फरक १८ (४२ वजा २४) अधिक मागचा २० (३४ वजा १४), एकूण ३८. अल्टस आरडी-एम३१० ला मोठ्यात मोठं ३४ आणि एकूण ४३ चालतं, तो निवांत पेलेल. तुमच्या डिरेलरच्या आतल्या बाजूला मॉडेल नंबर असतो, त्यावरून मर्यादा तपासा. बदलायचाच झाला तर शिमानोचे ७, ८, ९ स्पीडचे एमटीबी डिरेलर तुमच्या शिफ्टरवर चालतात. १० स्पीडचा एमटीबी डिरेलर घेऊ नका, त्याचं केबल ओढण्याचं प्रमाण वेगळं आहे.

मधली_चेनरिंग: एक गोष्ट आधीच समजून घ्या. या फ्रीव्हीलवर २४ वरून थेट ३४ वर उडी आहे. चढ मधेच सौम्य झाला की ३४ फार हलका आणि २४ फार जड वाटतो. एकसारख्या चढाला चालेल, पण वरखाली रस्त्यावर पायांची लय तुटते. मधले दात समान अंतराने वाढणारं १३-३४ फ्रीव्हील मिळालं तर तेच घ्या, मला ते जास्त पटतं. तेव्हा डिरेलरचा हिशोब ३९ होतो, तरी मर्यादेतच.

दुसरा मार्ग पुढून: ४२-३२-२२ क्रँक (पॅडलचे दांडे आणि पुढची दातेरी चाकं). २२-३४ म्हणजे ०.६५. पण चेनरिंग (पुढची दातेरी चाकं) रिव्हेटने ठोकलेल्या असतील तर सुटी २२ बसणार नाही, अख्खा क्रँक बदलावा लागतो. मग बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या) स्पिंडलची लांबीही जुळवावी लागते. क्रँक पुलर (क्रँक काढायचं टूल) आट्यांत पूर्ण आत फिरवल्याशिवाय जोर लावू नका, ॲल्युमिनियमचे आटे एका झटक्यात जातात.

डोणजे_चढ: फ्रीव्हीलच आहे. डिरेलर एम३१० निघाला. चेनरिंग रिव्हेटच्या. मग आधी फक्त फ्रीव्हील बदलतो. चेन तीच ठेवली तर?

पाना_पक्कड: तीच ठेवू नका. जुनी चेन लांबीला कमी पडेल. २८ च्या जागी ३४ आल्यावर पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या चाकावर ती ताणली गेली की डिरेलर किंवा त्याचा हँगर (फ्रेमवरचा, डिरेलर बसतो तो तुकडा) मोडतो. शिवाय झिजलेली चेन नव्या दातांवर उड्या मारते, तेही उभं राहून पॅडल मारताना. झीज फूटपट्टीने कळते: चेनच्या पिनांमधली सलग २४ अंतरं मिळून बरोबर १२ इंच हवीत. १/१६ इंच जास्त भरलं तर चेन बदला. १/८ भरलं तर चेनरिंगचे दातही तपासा.

नवी ६/७/८ स्पीडची चेन घ्या. डिरेलरमधून न नेता ४२ आणि ३४ वरून गुंडाळा, जोडणी जमते त्या बिंदूपुढे एक इंच जास्त ठेवून कापा.

फ्रीव्हील काढताना १२ खाचांचं टूल वाईसमध्ये पकडा, त्यावर चाक बसवून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. टूल निसटू नये म्हणून ॲक्सलचा नट हलका लावून ठेवा. गाठ सुटली की नट लगेच काढा, नाहीतर तोच आडवा येतो. नवं फ्रीव्हील ग्रीस लावून आधी हातानेच फिरवा. वाकडं चढलं तर हबचे आटे कायमचे जातात. बाकी घट्ट पॅडल मारताना आपोआप होतं.

शेवटी २४-३४ वर ठेवून बी-स्क्रू (डिरेलर दातांपासून किती लांब राहील ते ठरवणारा) फिरवा, वरची पुली आणि ३४ यांच्यात ५-६ मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे. स्क्रू पुरला नाही तर काढून उलट्या बाजूने घाला. एल स्क्रू (डिरेलरला स्पोककडे जास्त आत जाऊ न देणारा) नव्याने लावल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका. चेन ३४ ओलांडून स्पोकमध्ये गेली तर चाक जागीच अडकतं.