स्टॅबिलायझरला ‘स्थिरक’ म्हणावं का?

शाईपेन: औषधनिर्माणावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. विषय क्यूबोसोम, म्हणजे मोनोओलीनसारखं लिपिड (स्निग्ध पदार्थ) आणि पाणी मिळून जी द्रव-स्फटिक रचना होते, तिचे पाण्यात विखुरलेले शे-दोनशे नॅनोमीटरचे कण. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ब्लॉक कोपॉलिमर (वेगवेगळ्या एककांचे पट्टे जोडून झालेली लांब साखळी) घालतात, तोच इथला ‘स्टॅबिलायझर’. त्या द्रव-स्फटिक रचनेला, म्हणजे ‘क्यूबिक फेज’ला, ‘घन प्रावस्था’ आणि ‘स्टॅबिलायझर’ला ‘स्थिरक’ असं लिहिलंय. दोन्ही खटकतंय.

कलिलवेडी: पहिला शब्द आधी बदला! ‘घन’ म्हणजे क्यूब आणि ‘घन’ म्हणजे सॉलिडसुद्धा. वाचणारा दुसराच अर्थ घेणार, आणि इथे तर द्रव स्फटिकाची गोष्ट चाललीय. ‘घनाकृती’ करा. (गंमत अशी की न विखुरलेली ही प्रावस्था हाताला चांगली घट्ट लागते. पण तो योगायोग.)

‘स्थिरक’ बद्दल: हा शब्द ऐकला की वाटतं, कण जागच्या जागी गप्प बसवलेत. ते तर सारखे हलतच असतात. पॉलिमर त्यांना थांबवत नाही, फक्त अंतर राखायला लावतो. नेहमीचा म्हणजे प्लुरॉनिक एफ१२७. त्याच्या साखळीचे तीन भाग. मधल्या पॉलिप्रॉपिलीन ऑक्साईडला पाणी नको असतं, म्हणून तो कणाला धरून बसतो. दोन्ही टोकांचे पॉलिएथिलीन ऑक्साईडचे झुपके पाण्यात पसरतात. दोन कण जवळ आले की झुपके एकमेकांत दाटतात, त्यांना वळवळायला जागा उरत नाही, मध्ये पाणी ओढलं जातं आणि कण मागे सरतात. यात विद्युतभाराचा संबंध नाही, नुसत्या गर्दीचा आहे.

ताक घुसळताना स्निग्धाचे थेंब एकत्र येऊन लोणी होतं ना? ते होऊ न देणारा, असा अर्थ हवा.

तांबडीमाती: आमच्या कोकणात त्याला ‘राखणदार’ म्हणतात. वेशीवर उभा, बाहेरच्याला आत येऊ देत नाही.

कलिलवेडी: शब्द झकास, पण हा राखणदार कधी कधी घरात शिरतो! मोनोओलीनच्या कणांत एफ१२७ आतल्या रचनेतही घुसतो आणि हिऱ्याच्या धाटणीची घनाकृती जाळी बदलून दुसऱ्या प्रकारची, प्रिमिटिव्ह, करून टाकतो. फायटॅनट्रायॉल या दुसऱ्या लिपिडच्या कणांत तो बराचसा बाहेरच राहतो, जाळी बहुधा तीच टिकते. त्यामुळे शब्दात ‘बाहेर’ आणि ‘आत’ असलं काही अडकवू नका.

शाईपेन: आणि ‘ब्लॉक’? मी ‘गट’ लिहिलंय.

कलिलवेडी: ‘गट’ म्हटलं की निवडणूक आठवते. ‘खंड’ बरा. एकाच प्रकारच्या एककांचा सलग पट्टा, मग दुसऱ्याचा. तेच दोन घटक साखळीत कसेही मिसळले असते तर धरायला वेगळा भाग आणि पसरायला वेगळा भाग असं काही राहिलंच नसतं. सगळी मेख त्या सलगपणात आहे, ती शब्दात यायला हवी. म्हणून ब्लॉक कोपॉलिमर म्हणजे खंड-सहबहुवारिक.

जाता जाता, एफ१२७ हाच पदार्थ पोलोक्सॅमर ४०७ या नावानेही येतो. ४० गुणिले १०० म्हणजे मधल्या खंडाचा रेणुभार सुमारे ४०००, आणि ७ म्हणजे ७० टक्के पॉलिएथिलीन ऑक्साईड. प्लुरॉनिकच्या आकड्यांचा हिशेब वेगळा, त्यातलं ‘एफ’ फ्लेकचं, म्हणजे पदार्थ पापुद्र्यांच्या रूपात असतो म्हणून. अनुवादात एकच नाव ठेवा, नाहीतर वाचक दोन पदार्थ समजेल.

तांबडीमाती: मग राखणदार गेला म्हणायचा?

शाईपेन: शीर्षकात ठेवते तुमचा राखणदार. मजकुरात ‘कण विलग राखणारं खंड-सहबहुवारिक’, पुढे नुसतं ‘विलगक’. ‘स्थिरक’ फक्त एकदा, पहिल्या उल्लेखात, कारण विद्यार्थ्यांना तोच ओळखीचा वाटेल.

कलिलवेडी: चालेल. फक्त ‘विलगक’ हा गाळणीचा भाग नाही हे तिथेच सांगा, आमच्या लॅबमध्ये पहिला प्रश्न तोच येईल.