मदत हवी आहे : जादूगार कार्टरचं पोस्टर, अस्सल की नंतर छापलेलं?

मामांच्या कपाटामागे घडी घातलेलं एक पोस्टर निघालं. अमेरिकन जादूगार ‘कार्टर द ग्रेट’ लाल सैतानाबरोबर पत्ते खेळतोय, ते प्रसिद्ध चित्र. हा चार्ल्स कार्टर १९३६ साली दौऱ्यावर असताना मुंबईतच वारला, त्यामुळे त्याची एखादी जाहिरात इथे मागे राहिली असेल अशी आशा वाटते. पण या चित्राची पुनर्मुद्रणं ढिगाने निघाली आहेत, म्हणून अजून पेढे वाटलेले नाहीत!

मूळ पोस्टरं क्लीव्हलंडच्या ओटिस कंपनीने लिथोग्राफीने, म्हणजे दगडावर किंवा धातूच्या पत्र्यावर चित्र काढून त्यावरून ठसा घेण्याच्या जुन्या पद्धतीने, छापलेली. भिंगातून पाहिलं तर सैतानाच्या लाल अंगावर जुन्या लिथोसारखा दाणेदार पोत दिसतो, पण कार्टरच्या चेहऱ्यावर ऑफसेटसारखे (म्हणजे नंतरच्या यांत्रिक छपाईसारखे) ओळीत बसलेले ठिपके असल्याचा भास होतो. कंपनीचं नाव असायला हवं ती खालची कडच नेमकी फाटलीय. घड्यांवर मागून सेलोटेप मारलाय (मामा, दुसरं कोण!), तो पिवळा पडून कागदात मुरलाय.

जुन्या लिथोची पारख असलेलं कुणी आहे का? फोटो टाकतो. आणि पुण्या-मुंबईत असा सेलोटेप नीट काढून देणारं कुणी ठाऊक असेल तर जरूर सांगा. लॅमिनेशनचा सल्ला मात्र कृपया नको.