दिवसाला दोन वास्तू की दहा?

दगडफूल:
नवख्या मोठ्या शहरात दोन-तीन दिवस मिळाले की ऐतिहासिक वास्तूंची यादी बघता बघता दहा-बारावर जाते. माझं मत: दिवसाला दोनच वास्तू आतून बघाव्यात. तिसरीचा मोह टाळावा.

हिशेब मांडतो. सकाळी ९ ते संध्याकाळी ७ म्हणजे ६०० मिनिटं. दहा ठिकाणं धरली तर प्रत्येक ठिकाणी पोचायला २० आणि रांग-तपासणीला २०, अशी ४०० मिनिटं तिथेच संपली. उरली २००. वास्तूमागे २० मिनिटं, आणि जेवणखाण, स्वच्छतागृह, रस्ता चुकणं हे सगळं त्यातच.

२० मिनिटांत रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळात काय दिसतं? वर भोक असलेला घुमट. दीड तास थांबलं तर कळतं, की घुमटाचा व्यास आणि भोकाची जमिनीपासूनची उंची एकच आहे, सुमारे ४३.३ मीटर, म्हणजे आत अख्खा गोल मावेल. काँक्रीटमध्ये खाली जड दगडाची खडी आहे, वर जावं तशी ती हलकी होत जाते आणि माथ्याशी प्यूमिस, म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड. वजन वर कमी ठेवायची ही युक्ती. फरशी मधोमध किंचित फुगीर आहे आणि पावसाचं पाणी जायला तिला बारीक भोकं आहेत. ती शोधायला मान खाली घालावी लागते, आणि घाईतला माणूस तिथे मान वर करूनच असतो. उन्हाचा कवडसा सरकताना बघायचा तर तास हवाच.

पायपीट:
हिशेबात एक गृहीत घुसडलंय: दहाही ठिकाणी रांग आणि तिकीट. कॉन्स्टंटाइनच्या कमानीला, ओबेलिस्कला (उंच, टोकदार दगडी खांब), पुलाला, चौकाला कसली रांग? मोठ्या शहराच्या यादीत निम्म्या गोष्टी अशाच असतात आणि त्या बाहेरूनच बघायच्या असतात.

कोलोसियमच घ्या. त्याच्या उत्तर बाजूला बाहेरची भिंत उभी आहे, तिथे कमानींवर रोमन अंक कोरलेले आहेत, २३ ते ५४. ते प्रवेशद्वारांचे क्रमांक. एकूण ८० कमानी, त्यातल्या ७६ ना क्रमांक. दगडात जागोजाग खळगे दिसतात, ते दगड सांधणारे लोखंडी आकडे मध्ययुगात उपटून नेल्याचे. हे सगळं तिकीट न काढता वाचता येतं, आणि आत शिरायच्या गडबडीत नव्वद टक्के लोक (आकडा अंदाजाचा, पण उभं राहून बघा) हेच सोडून देतात.

आणि एका दिवसात अनेक ठिकाणं हे खूळ पर्यटक बसवाल्यांनी काढलेलं नाही. रोममध्ये सोळाव्या शतकात धर्मगुरू फिलिप्पो नेरींनी सात चर्चची पदयात्रा रुजवली, साधारण २० किलोमीटर. पुढे पाचवे सिक्स्टस पोप झाले (१५८५ ते १५९०). त्यांनी सरळ रस्ते काढले आणि मोक्याच्या जागी ओबेलिस्क उभे केले. लांबून खूण दिसावी आणि माणसाने एकीकडून दुसरीकडे चालत जावं, हाच त्यामागचा विचार. त्या शहराची रचनाच एका वास्तूवरून दुसरीवर नजर टाकायची आहे. एकाच ठिकाणी दीड तास बसलेल्याला ती कशी उमगणार?

दगडफूल:
कोलोसियमच्या क्रमांकांचा मुद्दा कबूल. पण यात्रेकरू पुण्यासाठी चालत होता, घुमटाच्या खडीशी त्याला काय देणंघेणं!

तारीखवार:
दोघंही मोकळ्या मैदानात भांडताय. किती वास्तू ते तुम्ही नाही, सुट्टीचा वार ठरवतो. पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. इस्तंबूलमध्ये तोपकापी राजवाडा मंगळवारी, ‘दोल्माबाहचे’ राजवाडा सोमवारी. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा, आणि त्या दिवशी फुकट म्हणून गर्दी उसळते. फुकटचा दिवस शक्यतो टाळाच. वाचलेले पैसे रांगेत वसूल होतात.

वेळेची तिकिटं असतील तर दोन तिकिटांमध्ये किमान तीन तास ठेवा. दोन तासांचं अंतर कागदावर पुरेसं दिसतं, पण पहिल्या ठिकाणी तपासणी अर्धा तास लांबली की दुसरं तिकीट वाया. 'बंद होण्याची वेळ' आणि 'शेवटचा प्रवेश' यांतही अर्धा ते एक तासाचा फरक असतो. यादीत शेवटचा प्रवेशच लिहा.

शिवाय मोजणी फसवी असते. कोलोसियमच्या तिकिटात शेजारचा फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक, आता अवशेष) आणि पॅलाटाइन टेकडीही येते. दगडफूल, ही तुमच्या हिशेबात एक वास्तू की तीन? उन्हाळ्यात भर दुपारी फोरममध्ये सावली शोधावी लागते, म्हणून तिथे आधी, कोलोसियम नंतर, असा क्रम जमला तर बरा.

जिनेवाला:
गुडघ्यांचा हिशेब कुणीच केला नाही. लंडनच्या सेंट पॉल्स चर्चला माथ्याच्या गॅलरीपर्यंत ५२८ पायऱ्या. रोमच्या सेंट पीटर्स चर्चला ५५१, लिफ्ट घेतली तरी ३२० उरतातच. शेवटच्या टप्प्यात भिंत घुमटाबरोबर कलते, माणूस तिरका होऊन चढतो आणि अध्येमध्ये परत फिरणं अवघड जातं. दिवसाला असा एकच चढ, तोही सकाळी. उंचीची किंवा कोंडल्याची भीती वाटत असेल तर खालूनच बघावं.

पण चढल्याशिवाय सेंट पॉल्सची गंमत कळत नाही, हेही खरं. आतून दिसणारा घुमट वेगळा, बाहेरून दिसणारा शिसं मढवलेला लाकडी घुमट वेगळा, आणि मध्ये विटांचा शंकू. वरच्या दगडी कंदिलाचं (घुमटाच्या माथ्यावरच्या छोट्या मनोऱ्याचं) वजन तो शंकू पेलतो.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर उघड्या टपाची बस खुशाल घ्या, मी तिची टिंगल करणार नाही. फक्त पहिली फेरी न उतरता पूर्ण करा, सकाळी रस्ते भरायच्या आत. मग दुसऱ्या फेरीत फार तर दोनदा उतरा. प्रत्येक थांब्यावर उतरलं की दर वेळी पुढच्या बसची वाट बघणं आलं, आणि चढताना वरच्या टपावर जागा मिळेलच असं नाही.

पायपीट:
म्हणजे बसमधून दहा दिसल्या तर चालतात, पायी दहा नकोत? वा.

काचेरी:
संख्येपेक्षा दिशा बघा. पॅरिसमध्ये एकाच बेटावर सेंत शापेल हे प्रार्थनागृह आणि नोत्र दाम चर्च, चालत पाच-सात मिनिटं. सेंत शापेलच्या पूर्वेकडच्या काचा सकाळी पेटतात. तिथे १५ उंच खिडक्यांत मिळून हजारांहून जास्त प्रसंग रंगवलेले आहेत. नोत्र दामचा दर्शनी भाग पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतर उजळतो. उलट क्रमाने गेलात तर एकीकडे काचा मंद आणि दुसरीकडे दगड काळपट. सेंत शापेल न्यायालयाच्या आवारात असल्यामुळे तपासणी कडक. खिशातला चाकू, कात्री आधीच हॉटेलवर ठेवा. छोटी दुर्बीण मात्र न्या. वरच्या काचा डोळ्यांना नुसत्या रंगाचे ठिपके दिसतात.

आणि दगडफूल, पँथिऑनचा कवडसा बघायला लोक १२ ला जातात आणि फसतात. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे खरा मध्यान्ह १ वाजून दहा मिनिटांच्या आसपास. २१ एप्रिलच्या सुमारास त्या वेळी कवडसा थेट दारावर येतो. हिवाळ्यात तो खाली उतरतच नाही, घुमटाच्या आतल्या अंगावर फिरत राहतो. डिसेंबरात फरशीवर उजेडाचं वर्तुळ शोधू नका.

दगडफूल:
ही दुरुस्ती मोलाची. मग माझा रोमचा एक दिवस असा: सकाळी पहिल्या वेळेला फोरम, तिथून कोलोसियम. वाटेत थोडं वळून सान क्लेमेंते चर्च. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याखाली चौथ्या शतकातलं, त्याखाली रोमन काळातल्या इमारती आणि मिथ्रस या देवाचं देवस्थान. तळघरात ओल आणि निसरडं असतं, बुटांना पकड धरणारे तळवे हवेत. मग १ च्या आधी पँथिऑन.

पायपीट:
फोरम, कोलोसियम, सान क्लेमेंते, पँथिऑन. चार झाल्या, आणि अजून दुपारचे दोनही वाजलेले नाहीत.

तारीखवार:
सान क्लेमेंतेचं तळघर दुपारी बंद नसतं ना ते आधी बघा, मग मोजा. आणि या क्रमात ही वास्तू १ च्या आत बसत नाही. तिला दुसऱ्या दिवशी सकाळी टाका.