मोजणी डिसेंबरात, रुग्ण उसाच्या फडात

बालाघाट:
काल या गटावर एका अभ्यासाचा आराखडा पडलाय. बीड-धाराशिवचे बीपीचे ४०० रुग्ण घ्यायचे, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना मोबाईलवर गोळीची आठवण करायची, निम्म्यांना नाही. जूनला सुरुवात, डिसेंबरला शेवटचं माप. आणि वर शेरा, "आपले रुग्ण अज्ञानामुळे औषध सोडतात." त्याखाली वा-वा चाललीय, म्हणून लांबण लावतो.

डिसेंबरात धारूर, वडवणी, पाटोद्याच्या तांड्यांवर कोण सापडतं? म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. दसरा-दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या उचलून कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे गेलेल्या असतात. ज्यांचं औषध तुटतं नेमके तेच तुमच्या यादीतून गळणार. उरलेल्यांवर टक्केवारी काढली की आठवणीचा मेसेज यशस्वी!

अज्ञानाचं म्हणाल तर हिशेब सोपा आहे. ३० गोळ्या घेऊन ऑक्टोबरअखेर निघालेल्या बाईची पुडी नोव्हेंबर संपायच्या आत रिकामी होते. तिकडचा दवाखाना उघडतो तेव्हा ती पहाटेपासून फडात असते, आणि खाडा पडला की पैसे कापतात. तिला आठवण करून काय करता? गोळीच नाही. प्रश्न असा धरा: निघण्याआधी ९० गोळ्या हातात दिल्या, तर परतल्यावर बीपी १४०/९० च्या खाली असलेले किती जास्त निघतात?

गोदाकाठ:
आराखडा माझाच. टोळ्या कधी निघतात ते मला शिकवू नका, मी परभणीतच राहतो. पण निधी आर्थिक वर्षाचा आहे, मार्चअखेर हिशेब द्यावा लागतो. रुग्णाच्या सोयीने वर्ष धरायचं तर पैसे परत जातात. तुमच्या ९० गोळ्यांचं गणित तरी कुठे बसतंय? २५ ऑक्टोबरला निघालेल्याच्या गोळ्या २२ जानेवारीला संपतात. गाळप त्यापुढेही चालतं.

बालाघाट:
हे मान्य. मग १५० द्या.

कोरडवाहू:
लई झाले सर्व्हे राव. २०१९ ला बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड बायांचा सर्व्हे झाला, १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. फॉर्म भरून घ्यायला माणसं मिळतात, मग दवाखान्यातल्या रिकाम्या जागा भरायला कामून मिळत नाहीत? आधी डॉक्टर द्या, मग अभ्यास करा.

आकडेमोड:
कोरडवाहू, त्या आकड्यानेच तर गोष्ट वर आली. अडलं ते पुढे. किती जणींचं ऑपरेशन झालं ते कळलं. का झालं, पांढरं जाणं घेऊन आलेल्या बाईला आधी कोणता उपचार मिळाला, हे नुसत्या मोजणीतून निघत नाही. त्याला वेगळ्या धाटणीचा अभ्यास लागतो.

आता मूळ मुद्दा. एकाच घरातल्या सासूला मेसेज आणि सुनेला नाही, हे जमत नाही. फोन एकच, तोही पोराच्या खिशात. चिठ्ठी गावाच्या नावाची टाकावी लागेल. आणि गाव धरलं की २०० अधिक २०० पुरत नाहीत. बीपी काबूत असलेले ३० टक्क्यांवरून ४५ टक्के झाले हे दाखवायचं तर माणसागणिक चिठ्ठीत एका गटाला साधारण १६० लागतात. गावातून ३० जण घेतले आणि एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात त्याचं माप ०.०५ धरलं, तर १६० ला ज्याने गुणायचं तो गुणक १ + २९ × ०.०५, म्हणजे २.४५. एका गटाला ३९२. त्यावर ४० टक्के गळती धरली की ६५३, म्हणजे गटागणिक २२ गावं.

औषधखोली:
गावाची चिठ्ठीसुद्धा फसणार आहे, कारण गोळ्या गावात नसतात, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खोलीत असतात. समजा एका केंद्राचे ६० रुग्ण निघाले. १५० प्रमाणे अम्लोडिपिनच्या, म्हणजे बीपीच्या नेहमीच्या औषधाच्या, ९,००० गोळ्या एका आठवड्यात गेल्या. टेल्मिसार्टन हे बीपीचं दुसरं औषध चालू असेल तर त्या वेगळ्या. मागणीपत्रक मागच्या खपावर भरलेलं असतं. मग त्याच केंद्राखालच्या दुसऱ्या गटातल्या गावांना नोव्हेंबरात १५-१५ गोळ्यांवर भागवावं लागेल. तुमच्या गटाला फायदा झाला असं दिसेल, खरं म्हणजे दुसऱ्या गटाच्या ताटातलं काढून वाढलेलं असेल. चिठ्ठी केंद्राचीच टाका. वाढीव साठ्याची मागणी ऑगस्टमध्ये जाऊ द्या, आणि साठावहीची दर सोमवारची शिल्लक हा अभ्यासाचाच एक रकाना करा.

आकडेमोड:
पटलं. केंद्रामागे ३० धरून ६५३ म्हणजे गटाला २२, एकूण ४४ केंद्रं.

रजिस्टर:
४४ घ्या नाहीतर ८८, आत भरणार काय? कोणत्याही उपकेंद्राचं बीपीचं रजिस्टर उघडा: १३०/८०, १३०/८०, १४०/९०, १२०/८०. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनने वाचतात, म्हणजे शेवटी शून्य पाचातून एकदा यायला हवं. डिजिटलवर दहातून एकदा. निम्म्याहून जास्त शून्यं असली की ते माप नाही, अंदाज आहे. आणि तुमची रेघ नेमकी १४० वर! १३८ चं १४० लिहिलं की काबूत असलेला रुग्ण काबूबाहेर गेला. १४२ चं १३० लिहिलं की उलटं.

उपकेंद्र:
म्हणजे आशाताई, सिस्टर सगळ्या खोटारड्या? एकीकडे सर्वेक्षणाचे फॉर्म, दुसरीकडे पोर्टलची एंट्री, लसीकरणाचा दिवस, आणि यंत्राचे सेल स्वतःच्या पैशाने. तुम्ही एसीत बसून शून्यं मोजा!

रजिस्टर:
खोटारड्या म्हटलेलं नाही, ताई. शब्द घालू नका तोंडात. पाच मिनिटं शांत बसवणं, पाठ टेकलेली, हात छातीच्या पातळीला, पोलक्याची बाही वर, अर्धा तास आधी मिश्री-तंबाखू-चहा नाही, एकेका मिनिटाने तीन मापं, पहिलं सोडून बाकीच्या दोनांची सरासरी. माणशी दहा मिनिटं जातात. चाळीस जणांची रांग असताना हे होत नाही, म्हणून शून्य येतं. त्यासाठीच म्हणतो, अभ्यासाचं माप रजिस्टरमधून उचलू नका. वेगळा माणूस पाठवा, ज्याला केंद्र कोणत्या गटातलं हे माहीत नाही.

शिवाय दंडाला गुंडाळायचा पट्टा. नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर दंडाचा. ऊसतोडीच्या कित्येक बायांचा दंड त्यात बसत नाही, बारीक असतो. मोठ्या पट्ट्यावर बीपी खोटा कमी दिसतो. लहान पट्टा सोबत ठेवा, दंड टेपने मोजा.

उपकेंद्र:
दहा मिनिटांचा हिशेब कोणीतरी लिहिला, एवढं पुष्कळ झालं म्हणायचं. लहान पट्टा मागून पाहा, मिळतो का ते.

आकडेमोड:
माझीच एक चूक. गळती नंतर धरायची नसते. ३० तले १८ च मोजले गेले तर गुणक १.८५, लागतात २९६, म्हणजे गटाला २२ नाही, १७ केंद्रांच्या चिठ्ठ्या.

बालाघाट:
चिठ्ठ्या १७ असोत की २२, गळालेले आणि उरलेले सारखेच असतील तरच हे चालतं. इथे ते सारखे नाहीत. आकडा फुगवून एकतर्फी गळती भरून निघत नाही. जाणारेच नोंदवा आणि ते परत आल्यावर, मे महिन्यात मोजा.

रजिस्टर:
मे चालेल, पण तुलनेचा गट सोडू नका. थंडीत बीपी चढता असतो, उन्हाळ्यात उतरता. नुसतं आधीचं-नंतरचं माप घेतलं तर आपल्या मे महिन्याचं ऊनच औषध ठरेल. शिवाय एकाच मापात १६० निघालेल्याला घेतलं की दुसऱ्या खेपेला तो आपसूक थोडा खाली येतो. नोंदणी दोन वेगळ्या दिवसांच्या मापांवर करा. आणि डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या किती खाल्ल्या हे विचारा. फडावर त्या चालतातच, आणि बीपी वाढवतात.

कोरडवाहू:
अन् संमती? टोळीच्या मुकादमासमोर अंगठा घेणार का? उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्याच्याकडून घेतलेली, ती बाई नाही म्हणेल का?

गोदाकाठ:
साक्षीदार मुकादम नाही, सरपंच नाही, अभ्यासातलाही कोणी नाही. आणि दुसऱ्या गटाला नेहमीच्या गोळ्या मिळणारच, कोणाचं औषध बंद नाही. बरं, घ्या, बदलतो: जुलैत नीतिसमितीची मंजुरी, पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद, ऑगस्टमध्ये साठ्याची मागणी, सप्टेंबरमध्ये दोन मापं, निघायच्या आठवड्यात १५० गोळ्या, मे महिन्यात मोजणी. निधीवाल्यांशी भांडण माझ्या वाट्याला आलंच. "अज्ञान" शब्दही काढतो, झालं समाधान? यंत्रं चार्जिंगची घेऊ का?

उपकेंद्र:
सेलची घ्या. तांड्यावर दुपारी लाइट नसते. आणि सेल तुमच्या बजेटात लिहा.