मदत हवी आहे: विस्कॉन्सिनमधल्या जुन्या नॉर्वेजियन चर्चच्या दफनाच्या नोंदी कुठे मिळतील?

मंडळी, वंशावळ, जुनी कागदपत्रं यातलं कोणाला कळत असेल तर प्लीज वाचा, थोडं लांब झालंय.

आम्ही मिलवॉकीच्या दक्षिणेला राहतो. शेजारच्या आजी नॉर्वेजियन वंशाच्या, त्यांना त्यांच्या खापरपणजोबांची कबर शोधायचीय, आणि मी आयटीत म्हणजे मला काहीही शोधता येतं असा त्यांचा समज, सो काम माझ्या गळ्यात. हे खापरपणजोबा नॉर्वेतल्या टेलेमार्कहून इथल्या मस्कीगो वसाहतीत आले आणि 1850 च्या आसपास कॉलऱ्यात गेले, घरात एवढंच सांगत आलेत.

वसाहत 1839 ची, विंड लेकच्या आसपास. सगळा दलदलीचा भाग, त्यात मलेरिया आणि 1849 पासून कॉलरा, खूप माणसं गेली. सुरुवातीला चर्च नव्हतंच, एव्हन हेग नावाच्या शेतकऱ्याच्या बार्नमध्ये (शेतावरच्या कोठारात) प्रार्थना व्हायची आणि नव्याने आलेली बिऱ्हाडंही तिथेच उतरायची. 1843 मध्ये क्लाउसेन नावाचा डॅनिश तरुण मास्तर म्हणून आला, लोकांनी त्यालाच पाद्री करून घेतलं. मग टेकडीवर ओकच्या ओंडक्यांचं चर्च बांधलं, मार्च 1845 मध्ये ते रीतसर सुरू झालं. 1869 मध्ये नवीन चर्च झाल्यावर जुनं विकलं, ते चक्क बार्न म्हणून वापरात होतं, आणि 1904 मध्ये उचलून नेलं मिनेसोटात, सेंट पॉलच्या ल्यूथर सेमिनरीच्या (पाद्री घडवणारं कॉलेज) आवारात. म्हणजे चर्च तिकडे, कबरी इकडे, मग नोंदींच्या वह्या कुठे? हाच माझा मेन प्रश्न आहे.

कबरस्तानात जाऊन आले. एव्हनचा मुलगा कर्नल हान्स हेग तिथेच आहे, सिव्हिल वॉरमध्ये चिकमॉगाच्या लढाईत 1863 ला गेला तो (मॅडिसनमधला त्याचा पुतळा 2020 मध्ये पाडला होता, आणि माणूस गुलामगिरीच्या कट्टर विरोधात, काय बोलणार). त्याची कबर लगेच सापडते, साध्या माणसांचं अवघड आहे. जुने संगमरवरी दगड इतके झिजलेत की हात लावला की पांढरी पूड बोटाला लागते, 'फ' (F) आणि 'ड' (D) सारखी अक्षरं जेमतेम कळतात, ते जन्म-मृत्यूचं असावं. नेटवर शेव्हिंग क्रीम फासून फोटो काढा असं वाचलं, करू का?

प्रतिसाद – मिडवेस्टकर
ताई, क्रीम अजिबात नको!! केमिकल दगडात मुरतं. वायर ब्रश पण नको. सकाळी किंवा संध्याकाळी तिरकं ऊन असताना जा, नाहीतर मोठा आरसा धरून बाजूने उजेड पाडा, अक्षरं उठून दिसतात. अंदाज बरोबर आहे, नॉर्वेजियनमध्ये 'फ' म्हणजे जन्म, 'ड' म्हणजे मृत्यू. पण साथीत गेलेल्यांना दगड असेलच असं नाही, लाकडी खुणा केव्हाच कुजल्या असणार, त्यामुळे नोंदीच्या मागे लागा. तिथलं चर्च अजून चालू आहे, आधी त्यांच्या ऑफिसला विचारा. ल्यूथरन चर्चच्या बऱ्याच जुन्या वह्यांची मायक्रोफिल्म झालीय, एन्सेस्ट्री या वंशावळीच्या वेबसाइटवर पण आहेत, मेंबरशिप लागते, काही लायब्ररीत फुकट बघायला मिळतं.

प्रतिसाद – जुनीवही
आडनावाच्या भरवशावर शोधू नका. त्या काळी वडील ओले तर मुलगा ओल्सन, मुलगी ओल्सडाटर, आणि पुढे शेताचं नाव, आपल्याकडे गावावरून पुणेकर-सातारकर होतं तसं, फक्त यांचं शेत बदललं की नावही बदलायचं. अमेरिकेत आल्यावर एक भाऊ ओल्सन राहिला, दुसऱ्याने शेताचं नाव लावलं असं सर्रास दिसतं. आजींना शेताचं नाव विचारा, ते कळलं तर अर्धं काम झालं. नॉर्वेच्या डिजिटालआर्किव्हेट या सरकारी वेबसाइटवर चर्चच्या वह्या स्कॅन करून फुकट ठेवल्यात, गाव सोडून गेलेल्यांची वेगळी यादी असते त्यात. अक्षर जुन्या गॉथिक वळणाचं आहे, डोकं फिरतं. त्यापेक्षा मॅडिसनला नॉर्वेजियन-अमेरिकन वंशावळीचं सेंटर आहे, तिथल्या लोकांचं रोजचंच काम आहे ते.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार! आजींना आत्ताच विचारलं, त्यांच्या बायबलच्या पहिल्या पानावर शाईने काहीतरी लिहिलंय, शेताचं नाव असेल, उद्या फोटो काढते. मॅडिसनच्या सेंटरला आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते का, कोणी स्वतः गेलंय का? आजींना बरोबर न्यायचंय, त्यांना फार वेळ उभं राहवत नाही.